मोस्टचे लाल पाय

"हलू नकोस रे! एक मिनिट! फक्त एकच मिनिट!"

रीकेनं मोस्टला दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलं होतं. सेवदा खालून टॉर्च मारून त्याचे पाय बघत होती. टेबलावर वजनकाटा, कापसाचे बोळे आणि पाण्याची बाटली असा सगळा पसारा पडला होता. मालते काट्यासमोर खुर्चीवर उकिडवा बसला होता.

"ठेव आता वाडग्यात," तो म्हणाला. "एकशे... अरे, बस ना बाबा! एकशे एकतीस!"

सेवदानं वही उघडली. "मागच्या शुक्रवारी एकशे एकोणचाळीस. आठ ग्रॅम कमी."

"माझी आजी आठ ग्रॅम कमी झाली तर केक कापेल!"

कुणी हसलं नाही. मालतेनंही पुढचा विनोद गिळला. कारण टॉर्चच्या उजेडात मोस्टचे इवले तळवे स्पष्ट दिसत होते. ते गुलाबी नव्हते. लाल होते, आणि बोटांच्या मध्ये बारीक भेगा पडल्या होत्या.

मोस्ट म्हणजे रीकेचा हॅमस्टर. सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाला त्यांच्या गावाकडच्या बोलीत मोस्ट म्हणतात. त्याचा रंग अगदी तसाच होता, म्हणून पापानं हे नाव ठेवलं होतं. वरच्या मजल्यावर सेवदाकडे फिंदिक होता, म्हणजे तिच्या आईच्या तुर्की भाषेत हेझलनट. त्याचीही तीच गत होती. पाय लाल, डोळे पाणावलेले, पोटावरचे केस विरळ.

"आम्ही सगळं नीट करतो!" रीके म्हणाली. "ओला कोपरा रोज काढतो. सगळा भुसा एकदम बदलत नाही, म्हणजे त्याला आपल्या घराचा वास ओळखू येतो. पाण्यानं आंघोळ कधी घातली नाही. रोज वाळूत लोळतो, तसाच स्वच्छ होतो. मग हे काय?"

"तीन वाजता डॉक्टरांकडे जायचंय ना? त्यांनाच विचारू," सेवदा म्हणाली.

तेवढ्यात दार उघडलं आणि पापा आत आला. भुवयांवर लाकडाची धूळ, खांद्यावर उशीचा गच्च भरलेला अभ्रा. अंगणामागे त्याचं सुतारकामाचं वर्कशॉप होतं. रंध्यातून निघालेला भुसा चाळून, धूळ काढून, जुन्या अभ्र्यात भरून तो दर शुक्रवारी घरी आणायचा. रीकेसाठी, सेवदासाठी आणि मालतेच्या दोन गिनीपिगांसाठी.

"काय, दवाखाना उघडलाय वाटतं!" तो म्हणाला. "डॉक्टर मालते, माझी पाठ दुखते, काही औषध?"

"जीभ दाखवा," मालते गंभीरपणे म्हणाला. "हं. केक खा. दिवसातून तीनदा."

पापा मोठ्यानं हसला. शाळेला दुपारी सुट्टी लागली होती. शरद ऋतूची आठवडाभराची सुट्टी! उद्यापासून उरलेल्या फळ्यांचं हॅमस्टरांसाठी तीन मजली बोगदाघर करायचं ठरलं होतं. "सकाळी लवकर या," पापा म्हणाला. "फळ्या मी कापून ठेवतो."

तो शुक्रवार असा इतर कुठल्याही शुक्रवारासारखा होता.

डॉक्टर रोमिंगरबाईंनी मोस्टला चष्म्याच्या वरून बघितलं, चष्म्यातून बघितलं, मग भिंग घेऊन बघितलं.

"पिंजऱ्यात खाली काय घालतेस?"

"पापाच्या वर्कशॉपमधला भुसा."

"कोणत्या लाकडाचा?"

रीकेला सांगता आलं नाही.

"काही लाकडांत डिंक असतो. उग्र वास असतो. ते या जिवांना सोसत नाही. बारीक धूळ असली तर आणखी वाईट. आधी तो भुसा बदल. हे मलम दिवसातून दोनदा लाव. आठवड्यानं घेऊन ये."

परतताना रीकेनं आणि सेवदानं दुकानातून कागदाचा भुसा विकत घेतला. सेवदा म्हणाली, "तुझ्या पापाला मुद्दाम काही सांगू नकोस. वाईट वाटेल त्याला." रीकेच्या डोळ्यांसमोर परवा वर्कशॉपमध्ये पाहिलेलं कपाट होतं. लालसर, चकचकीत, डिंकाचा वास मारणारं.

मामाची म्हणजे आईची त्या दिवशी वृद्धाश्रमात संध्याकाळची ड्यूटी होती. घरात दोघंच होते. पापा ब्रेड कापत होता. टेबलावर चीज होतं, लोणच्याच्या काकड्या होत्या.

"ते कपाट कोणत्या लाकडाचं?" रीकेनं विचारलं.

"लार्च. का गं?"

"त्यात डिंक असतो?"

"असतो की. पण तुमचा भुसा पॉपलरचा असतो. लार्चचा वेगळ्या पोत्यात जातो."

"तुला काय ठाऊक कुठं जातो! स्वतःचा चष्मा सापडत नाही तुला! दिवसातून दहा वेळा विचारतोस, रीके, माझा चष्मा कुठंय!"

"चष्म्याचं खरंय," पापा म्हणाला. "पण भुशाचं..."

"डॉक्टर म्हणाल्या भुशानं होतं! तू त्याला आजारी पाडलंस! तुझ्या घाणेरड्या भुशानं! मला नकोय तो. कधीच नकोय!"

पापानं सुरी खाली ठेवली. मग उठला, कोपऱ्यातला अभ्रा उचलला आणि म्हणाला, "बरं."

साडेआठला तो तिच्या दाराशी आला. दार लोटलेलं होतं. फटीतून उजेड येत होता. आत ती मोस्टच्या पायांना मलम लावत बसली होती.

"गुड नाइट, रीके."

तिनं ऐकलं. उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सातच्या आधीच तो वर्कशॉपमध्ये गेला. पावणेदहाला पोस्टमन सही घ्यायला गेला तेव्हा पापा टेबलाशेजारी जमिनीवर पडला होता. हृदय, एवढा एकच शब्द मोठी माणसं दिवसभर जिन्यात हळू आवाजात बोलत होती.

बुधवारी त्याला पुरलं. नंतर चर्चच्या सभागृहात कॉफी आणि केक होता. लांब टेबलं, पांढरी कापडं. कपबशांचा आवाज एवढा होता, की एखाद्या वाढदिवसाला आल्यासारखं वाटावं. मामा मधोमध बसली होती. लोक येत, तिचा हात हातात घेत आणि पुढे सरकत.

तळमजल्यावरचे हेर, म्हणजे श्रीयुत, सायबोल्ट आले. ते पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या शिस्तीची सगळ्या इमारतीत धास्ती होती. इमारतीत जिना, तळघर आणि समोरचा फुटपाथ साफ ठेवायची प्रत्येक घराची आठवड्याची पाळी असे. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकायची. कुणी पायरीची कड पुसायला विसरलं, तर हेर सायबोल्ट ती कड बोटानं पुसून बोट दाखवत.

"गेरोल्ट मनानं सोनं होता, कोरिना," ते मामाला म्हणाले. "लाकडाची धूळ मात्र त्यानं कधी मनावर घेतली नाही. मुलांची ती जनावरंसुद्धा त्याच्या भुशानंच आजारी पडली, असं ऐकलं."

मामा नुसती मान हलवत राहिली. ती ऐकत नव्हती. शेजारी बसलेल्या रीकेनं मात्र ऐकलं. तिच्या तोंडातला केकचा घास खालीही जाईना, वरही येईना.

तिनं पापाला काय म्हटलं होतं, ते मामाला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. ते खरं असेल तर? पापानं खरंच चुकून लार्चचा भुसा घातला असेल तर? आणि खरं नसेल तर? यातलं जास्त वाईट काय, हे तिला ठरवता येत नव्हतं.

सेवदा आणि मालते प्लेटा घेऊन तिच्या बाजूला येऊन बसले. गेले पाच दिवस मोस्टचं सगळं सेवदाच बघत होती.

"मलम लावलं सकाळी," ती म्हणाली. मग चाचरत, "रीके, तो बरा नाहीये. फिंदिकही नाही. उलट जास्तच खाजवतायत दोघं."

"पण भुसा तर बदललाय!"

"तेच ना. पाच दिवस झाले. कागदाच्या भुशात झोपतायत, तरी तेच."

मालतेनं केकचा मोठा घास घेतला आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "आमच्याकडे तर बदललाच नाही. मम्मी म्हणाली, गेरोल्टच्या हातचा शेवटचा आहे, टाकवत नाही. गिनीपिग अजून त्यातच लोळतायत."

रीकेनं मान वर केली. "आणि ते कसे आहेत?"

"कसे असणार! टुणटुणीत! काल एकानं माझी चप्पल खाल्ली."

तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे..." सेवदा सावकाश म्हणाली, "ज्यांनी भुसा बदलला ते आजारी. ज्यांनी नाही बदलला ते ठणठणीत."

रीके उठून उभी राहिली. खुर्ची मागे पडली. सगळ्या सभागृहानं वळून बघितलं, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"मग भुसा नाहीये ते!" ती म्हणाली. "दुसरंच काहीतरी आहे!"

गुरुवारी सकाळी सेवदाच्या स्वयंपाकघरात बैठक भरली. तिच्या आईनं, फ्राउ म्हणजे श्रीमती आयदननं, चहाचे छोटे पेले पुढे ठेवले आणि रीकेच्या डोक्यावरून हात फिरवला.

"गिनीपिग जे करत नाहीत, ते शोधायचं," सेवदानं फर्मान काढलं. "म्हणजे हॅमस्टर काय काय करतात ते लिहा."

"चाकात पळतात," रीके म्हणाली.

"गालात खाऊ कोंबतात," मालते म्हणाला. "पण तेवढं आमच्या इतिहासाच्या सरांनाही जमतं."

"मालते!"

"बरं, बरं! तुझी वही काय म्हणते?"

सेवदाच्या वहीत दर शुक्रवारचं वजन होतं, दात, नखं आणि डोळ्यांबद्दल एकेक ओळ होती, आणि पाण्याची बाटली कधी भरली त्याच्या खुणा होत्या. तिनं बोट फिरवत फिरवत पानं उलटली आणि मध्येच थांबली.

"हे बघा! आधी बाटली तीन दिवसांनी भरायला लागायची. दोन आठवड्यांपूर्वीच्या शनिवारपासून रोज! रोज भरतेय मी!"

"मीपण!" रीके ओरडली. "आणि कोपरा सारखा ओला! मला वाटलं, पापाचा भुसाच पाणी शोषत नाही..." तिनं वही जवळ ओढली. "म्हणजे ते खूप पाणी पितायत. का पितायत?"

"मला खारे शेंगदाणे खाल्ल्यावर लागतं तसं," मालते म्हणाला.

"त्या शनिवारी काय केलं होतं आपण?"

सेवदानं ओळ वाचली. "चाक धुतलं. न्हाणीची वाळू बदलली."

वाळू! गिनीपिग वाळूत लोळत नाहीत!

तिघं धडाधड जिना उतरून तळघरात गेले. दुकानातून आणलेल्या बारीक वाळूची मोठी पिशवी पापानं चाळून एका बादलीत भरून ठेवली होती. मोस्ट आणि फिंदिक, दोघांसाठी. निळ्या झाकणाची बादली तिथंच होती. रीकेनं झाकण काढलं.

"एवढी कशी?" ती म्हणाली. "अर्धी होती ना? त्या शनिवारी वाळू नेताना घाईत बघितलंच नाही."

बादली काठोकाठ भरलेली होती. वाळू ओलसर होती, तिचे खडे झाले होते. मालतेनं एक खडा उचलला, वास घेतला आणि कुणी काही म्हणायच्या आत जिभेला लावला.

"ईऽऽ! थूः! थूः! खारट!"

"मालते! हॅमस्टरच्या न्हाणीतली वाळू खाल्लीस तू?"

"अजून कुणी न्हालं नव्हतं त्यात! थूः! मीठ आहे गं हे! शपथ!"

"तुझ्या जिभेची साक्ष कोण धरणार?" सेवदा म्हणाली. "नीट पुरावा हवा."

बादली वर नेऊन तिनं आईच्या फ्रीजमधून बर्फाचे दोन खडे काढले आणि बशीत ठेवले. एकावर दुकानातल्या नव्या पुडीतली वाळू घातली, दुसऱ्यावर बादलीतली. तिघं हनुवटी टेबलावर टेकवून बघत बसले. पहिल्या बर्फावर वाळू नुसती बसून राहिली. दुसऱ्यावरची वाळू हळूहळू आत उतरू लागली. बर्फाला खळगे पडले, बशीत पाणी साचलं.

"बर्फ खातेय ती," मालते कुजबुजला.

तिघं बादली ठेवायला परत खाली गेले. तळघराच्या दारावर नगरपालिकेची एक जुनी सूचना चिकटवलेली होती. रीकेनं ती शंभर वेळा बघितली होती, वाचली कधीच नव्हती. आता वाचली. फुटपाथवर बर्फ वितळवायला मीठ टाकू नये. झाडांची मुळं जळतात, कुत्र्यांचे पाय फाटतात.

"पाय फाटतात," ती म्हणाली.

सूचनेच्या खाली झाडलोटीच्या पाळ्यांचा कागद होता. त्या शनिवारच्या आठवड्यासमोर नाव होतं सायबोल्ट.

"हेर सायबोल्ट?" मालतेचे डोळे विस्फारले. "शक्यच नाही! ते तर सिग्नल लाल असला की रिकाम्या रस्त्यावरसुद्धा उभे राहतात!"

शुक्रवारी रीकेनं मामाकडून वर्कशॉपची किल्ली मागून घेतली.

"लार्चचं पोतं खरंच वेगळं होतं का, ते बघायलाच हवं," सेवदा म्हणाली होती. "अर्धा पुरावा चालत नाही."

आत थंडी होती. खिडकीच्या कडेला एक पोतं उभं होतं, त्यावर पापाच्या चौकोनी अक्षरात लिहिलेलं होतं: लार्च. मुलांसाठी नाही.

"झालं! मिळाला पुरावा!" मालते म्हणाला. पण रीके तिकडे बघत नव्हती.

टेबलाला पिठाची मोठी चाळणी टांगलेली होती. तिच्याखाली एक नवा अभ्रा होता, इस्त्री केलेला, निळ्या पट्ट्यांचा. घरातला चांगला अभ्रा. अर्धा भरलेला. शेजारी काढून टाकलेल्या धुळीचा लहानसा ढीग आणि कागदावर पेन्सिलीची ओळ: पॉपलर. तीनदा चाळणे.

तिनं अभ्र्यात हात घातला. भुसा हलका आणि पांढरा होता. बोटाला धुळीचा एक कणसुद्धा लागला नाही.

गेल्या शनिवारी सकाळी लवकर उठून पापा हे करत होता. बोगदाघराच्या फळ्याही कापायच्या बाकी होत्या. आधी हे करायला घेतलं होतं त्यानं.

सेवदानं अभ्र्याचं तोंड सुतळीनं बांधलं आणि रीकेच्या हातात दिला.

शनिवारी पहाटे पहिलं दव गोठलं. पायऱ्या साखर पेरल्यासारख्या पांढऱ्या झाल्या. त्या आठवड्याची झाडलोटीची पाटी रीकेच्याच दारावर होती. पापा लावून गेला होता. मामाला उठवत नव्हतं, म्हणून रीकेनं झाडू घेतला.

"ठरल्याप्रमाणे," ती म्हणाली. "मालते, तू घसरायचंस."

"ते मला छान जमतं!"

"आणि खरोखर आपटू नकोस."

मालतेनं दुकानातली वाळू पायऱ्यांवर पसरली, दोन पावलं टाकली आणि जो काही घसरला, की कोपऱ्यावरचा कुत्रा भुंकू लागला. "आई गं! मेलो! हेर सायबोल्ट! हेर सायबोऽऽल्ट!"

दार उघडलं. हेर सायबोल्ट स्वेटरची बटणं लावत बाहेर आले. वर जिन्यात फ्राउ आयदन आणि मालतेची मम्मी ठरल्याप्रमाणे कठड्याशी उभ्या होत्या.

"काय आरडाओरडा आहे? सकाळचे आठ वाजलेत!"

"वाळू टाकली तरी पाय सटकतोय! ही वाळू काही कामाची नाही!"

"अरे, ही नाही टाकायची! तळघरात निळ्या झाकणाची बादली आहे ना? त्यातली टाका. दहा मिनिटांत पायऱ्या कोरड्या!"

"कोरड्या?" सेवदानं विचारलं. "वाळूनं घसरणं थांबतं, हेर सायबोल्ट. बर्फ कसा वितळेल?"

"कारण त्यात..."

ते थांबले. त्यांचे कान लाल झाले.

"मीठ आहे," रीके म्हणाली.

"पण मिठाला तर बंदी आहे ना, हेर सायबोल्ट?" वरून फ्राउ आयदनचा आवाज आला. "मागच्या वर्षी तुम्हीच मला ती सूचना वाचून दाखवली होती. दोनदा!"

"थोडंसंच," ते पुटपुटले. "मागच्या हिवाळ्यातलं उरलेलं. माझी बायको पडली होती या पायऱ्यांवर. तेव्हापासून मी... तळघरात दोन बादल्या होत्या, दोन्ही अर्ध्या. अर्ध्या अर्ध्या ठेवायच्या कशाला? मी एकात ओतल्या. ढवळून ठेवलं."

"दुसरी बादली इमारतीची नव्हती," रीके म्हणाली. "त्यातली वाळू पापानं मोस्टसाठी चाळली होती. हॅमस्टर त्यात लोळतो, मग अंग चाटून साफ करतो. दोन आठवडे तो मिठात लोळला. ते मीठ चाटलं त्यानं. त्याचे पाय फाटलेत. आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, पापाच्या भुशानं झालं!"

हेर सायबोल्ट खाली बसले. तिथंच, थंडगार पायरीवर. ते कधी पायरीवर बसलेले कुणी पाहिलं नव्हतं.

"म्हणालो खरं," ते म्हणाले. "मला वाटलं, मी नीट आवरतोय."

मग ते उठले, आत गेले, काळा कोट घातला आणि दोन मजले चढून मामाचं दार वाजवलं. आत ते काय बोलले, ते कुणाला कळलं नाही. बाहेर आले तेव्हा दारावरची पाटी त्यांच्या हातात होती.

"ख्रिसमसपर्यंत तुमची पाळी माझी," ते रीकेला म्हणाले. "वाळूची नवी पिशवीही मी आणतो. कोणती आणायची ते तुम्ही सांगायचं."

दुपारी डॉक्टर रोमिंगरबाईंनी सुट्टी असूनही दवाखाना उघडला. मोस्टचे आणि फिंदिकचे पाय कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसले आणि बर्फाचा प्रयोग स्वतः करून बघितला.

"वाळूबद्दल मी विचारायलाच हवं होतं," त्या म्हणाल्या. "आधी भुशालाच दोष दिला, ती माझी चूक. तुमच्या तिघांच्या डोक्यानं जनावरं वाचली. आणि ही वही! माझ्याकडे येणारी मोठी माणसंसुद्धा असं लिहून ठेवत नाहीत."

सेवदाचे गाल लाल झाले. मालतेनं आपल्या जिभेचंही कौतुक व्हावं अशी मागणी केली, आणि ते झालं. संध्याकाळी रीकेनं पिंजऱ्यात निळ्या पट्ट्यांच्या अभ्र्यातला भुसा घातला. मोस्ट थोडा वेळ हुंगत राहिला. मग डोकं खुपसून आत शिरला आणि दिसेनासा झाला.

मामा दाराशी उभी होती. आठवड्यात पहिल्यांदाच तिनं केस विंचरले होते.

"पापाला किती अभिमान वाटला असता तुझा," ती म्हणाली.

रीकेला वाटलं, आपल्याला पुन्हा तो केकचा घास गिळायला लावलाय. सगळ्यांनी शाबासकी दिली होती. डॉक्टरांनी, फ्राउ आयदननं, हेर सायबोल्टनीसुद्धा. पापावरचा दोष गेला होता. पण सायबोल्टांच्या आधी तो दोष कुणी दिला होता, ते कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारी त्या दोघी कबरीवर गेल्या. माती अजून उंच होती. फुलांच्या चक्रांवरच्या रिबिनी ओल्या होऊन चिकटल्या होत्या. मामानं नळावरून हिरवी झारी भरून आणली आणि हीदरच्या फुलझाडाच्या कुंडीला पाणी घातलं. शेजारच्या रांगेत एक म्हातारी बाई वाळलेली पानं वेचत होती. ती जाईल मग बोलू, असं रीकेनं ठरवलं होतं. बाई जाईना. एक पान उचलायची, पिशवीत टाकायची, दुसऱ्या पानाकडे बघत राहायची.

"निघायचं?" मामानं विचारलं.

"थांब," रीके म्हणाली.

आणि ती मोठ्यानं बोलली. मामाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, त्या बाईलाही.

"पापा, तुझा भुसा घाणेरडा नव्हता. मी तसं म्हणाले त्या रात्री, मामा कामावर होती तेव्हा. तू त्याला आजारी पाडलंस, असंही म्हणाले. ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, तरी म्हणाले. आणि तू दाराशी आलास ते मी ऐकलं होतं. मी जागी होते."

म्हातारी बाई वाकलेलीच राहिली. मामाच्या हातातली झारी तिरकी झाली होती आणि पाणी तिच्या बुटांवर सांडत होतं, तिच्या लक्षात आलं नाही.

"गुड नाइट, पापा," रीके म्हणाली.